एक चिमटा वापरात

४ मार्च

साहेबांनी आज सगळ्यांना वर बोलावलं. खुर्च्या कमी, माणसं जास्त. मी आपली दाराशी उभी. निरोप असा की एक जूनपासून ऑपरेशनच्या प्रत्येक हत्यारावर त्याचा स्वतःचा चौकोनी कोड हवा. आजवर ट्रेच्या झाकणावर रेघांच्या कोडचं एक स्टिकर असायचं, तेवढ्याने आता भागणार नाही. हत्यारं बनवणाऱ्यांच्या संघटनेने ठरवलंय, विमेवाल्यांनी उचलून धरलंय, आणि तपासणीवाले त्याशिवाय इस्पितळाला प्रमाणपत्र देणार नाहीत. "एकही हत्यार बिनकोडाचं सापडलं तर ओटी बंद," साहेब म्हणाले. माझ्याकडे बघत म्हणाले.

माझ्याकडेच बघणार म्हणा. तळघरातली वाफखोली माझी. वरच्या ऑपरेशन थिएटरांतून, म्हणजे ओटीतून, माखलेली हत्यारं येतात, आम्ही ती धुतो, मोजतो, ट्रेमध्ये लावतो, वाफेच्या यंत्रात घालतो आणि परत वर पाठवतो. अठरा वर्षं झाली. हत्यारं दोन हजार सहाशे.

डोक्यात गर्दी झाली की मला मोजणी चुकायची धास्ती वाटते, म्हणून ही वही. ताई म्हणाली, "लिही बाई, कागद निदान उलट तरी बोलत नाही." ती आज जेवली नाही. पोट. मी विचारलंही नाही, रोजचंच आहे ते.

८ मार्च

ठिपक्यांचा कोड कोरायचं यंत्र आलं आणि यंत्राबरोबर माणूस आला. पन्नाशीचा, आधी घड्याळं दुरुस्त करायचा म्हणे. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठिपकेवाला ठेवलं, दुपारपर्यंत सगळी वाफखोली तेच म्हणायला लागली. त्यालाही चाललं.

मी विचारलं, "रेघांनी काय घोडं मारलं होतं?"

"रेघांना लांबी लागते, मॅडम. कात्रीच्या दांड्यावर कुठे बसवणार? आणि रेघा फक्त सांगतात, ही कात्री आहे. ठिपके सांगतात, ही कोणती कात्री. कधी घेतली, किती वेळा वाफेत गेली, कुणाच्या ऑपरेशनला होती."

तिळाएवढा चौकोन. बारीक निळा उजेड पडतो, टिक असा आवाज होतो, की झालं. त्याने एक कोड मुद्दाम खरवडून दाखवला, तरी वाचकयंत्राने तो वाचला. "थोडा पुसला गेला तरी उरलेल्यावरून ओळखतो," तो म्हणाला. मला ते का कोण जाणे आवडलं नाही.

११ मार्च

ताईच्या पेन्शनच्या दाखल्यासाठी कचेरीत गेलो. दारात धातू शोधणारी चौकट बसवलीय. मी गेले, गप्प. ताई गेली, वाजली. किल्ल्या काढल्या, घड्याळ काढलं, चष्मा काढला. तरी वाजली. पहारेकरीण बाईने हातातली पट्टी फिरवली, ती कमरेच्या वर कुरकुरली. "आतला हूक असेल, जाऊ द्या," म्हणाली.

ताई म्हणाली, "बघ, यंत्रंसुद्धा मला बघून कुरकुरतात." रांगेतली माणसं हसली. मीही हसले.

२२ मार्च

नऊशे हत्यारं झाली. बायका आता हाताने मोजत नाहीत; वाचकयंत्र ट्रेवरून फिरवतात, पडद्यावर हिरवं "पूर्ण" आलं की झाकण बंद. मी मात्र मोजते. बोटाने, तोंडाने. त्या हसतात. हसू देत.

जुन्या वह्यांचे फोटो काढून नेले. हत्यार घेतल्यापासूनची हकीकत हवी असा नियम आहे. कुठल्यातरी दुसऱ्या शहरात लोक बसून आमच्या अठरा वर्षांच्या वह्या यंत्रात भरणार. आम्ही कोण, हे त्यांना माहीत नाही. बरंच आहे.

ताई हल्ली पहाटे उठून बसते. म्हणते, "आत थंड लागतं गं. पोटावर धातूचा पेला ठेवावा तसं, पण आतून." मी म्हटलं, पांघरूण घे नीट. सतरा वर्षांत तिने पोटाच्या इतक्या तऱ्हा सांगितल्यात की ऐकणाऱ्याचे कान थकले. पित्ताशय काढलं त्या वर्षीपासून हे सुरू आहे. दोन डॉक्टर झाले, दोघांनीही मनाचा आजार सांगितला. तेव्हापासून ती इस्पितळाची पायरी चढत नाही.

९ एप्रिल

जुन्या वह्या यंत्रात आल्या. सकाळी पडदा उघडला तर दोन हजार सहाशे हिरव्या ओळी आणि सगळ्यांच्या वर एक लाल.

चिमटा, वाकडा, मध्यम. रक्तवाहिनी धरून ठेवायचा, कात्रीसारखा दिसणारा. पिवळा ट्रे. स्थिती: वापरात. ठिकाण: ओटी क्रमांक दोन. कालावधी: ६,२३१ दिवस.

मी ओटी दोनला फोन केला. "तुमच्याकडे काही चालू आहे का?" सिस्टर म्हणाली, "छे, कुलूप आहे. फरशी पुसतायत."

१० एप्रिल

६,२३२.

ठिपकेवाल्याने ओळ खोडली. चहा पिऊन येईपर्यंत ती परत आली. त्याने पुन्हा खोडली. पुन्हा आली.

"मॅडम, संगणक ती खोडूच देत नाही," तो म्हणाला. "ह्याच्या हिशेबी हत्यार वर गेलंय आणि खाली आलेलं नाही. जे खाली आलेलं नाही ते वापरातच असणार. ऑपरेशन अजून चालू आहे असं तो समजतो."

"सतरा वर्षं?"

"त्याला काय, तो वाट बघतो."

हसत म्हणाला. मग हसू आवरतं घेऊन खाली बघत राहिला. वाफेचं यंत्र सुस्कारलं आणि आम्ही दोघेही दचकलो. रोज दिवसातून बारा वेळा सुस्कारतं ते.

१४ एप्रिल

वहीचं पान शोधलं. माझंच अक्षर. १८ मार्च, सतरा वर्षांपूर्वीचं. पिवळा ट्रे. वर गेली: ४४. खाली आली: ४४. पण चाराच्या खाली काहीतरी आहे. आधी तीन लिहून त्यावर चार गिरवलाय. माणसाने वाचलं तर चव्वेचाळीसच वाचेल. यंत्राने फोटोतून त्रेचाळीस वाचलं.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चव्वेचाळीस. राखीव डब्याच्या नोंदीत त्या दिवशी एक वाकडा मध्यम चिमटा कमी; मीच काढून घातला असणार. घातलाच होता. आठवतं.

मला नोकरीला लागून वर्षच झालं होतं. संध्याकाळ होत आली होती आणि मला सुटायची घाई होती, कारण ताईचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं होतं आणि ती शुद्धीवर यायची होती. ट्रे खाली आला, मी मोजला. त्रेचाळीस. तीनदा मोजला. वर फोन केला. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "कपड्यांच्या गठ्ठ्यात गेला असेल. उद्या धोबीखात्यातून येईल. लिही चव्वेचाळीस आणि जा बहिणीकडे."

म्हणजे चिमटा धोबीखात्यात आहे. उद्या तिकडे जाते.

१५ एप्रिल

धोबीखाते. मोठ्या यंत्रांच्या मागे हात घातला, गाळण्या उघडून पाहिल्या. सतरा वर्षांची बटणं, एक लग्नाची अंगठी, दोन नाणी. धोब्यांचा मुकादम म्हणाला, "बाई, ही यंत्रंच मुळी सात वर्षांपूर्वीची." तरी मी शोधत राहिले.

१६ एप्रिल

भंगारखोली. नाही. ओटी दोनच्या सांडपाण्याची बाहेरची जाळी. नाही. साहेब जिन्यात भेटले. "एका चिमट्यासाठी काय जीव काढताय? हरवला म्हणून अर्ज द्या, मी सही करतो." अर्ज लिहायला बसले. "हरवल्याचे ठिकाण" हा रकाना भरता येईना.

घरी आले तर ताई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी, डावीकडे कलून. भांडं उचलायला वाकली आणि मध्येच थांबली. "आत अडतं काहीतरी," म्हणाली. मी भांडं उचलून दिलं.

१९ एप्रिल

मोठ्या सिस्टर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मला बघून आनंदल्या, चहा ठेवला. मी लाल ओळीचं सांगितलं, गंमत म्हणून सांगावं तसं. चहा उतू गेला तरी त्यांनी गॅस बंद केला नाही. मीच उठून केला.

"आणि तू तो शोधतेस?"

"धोबीखातं पालथं घातलं."

"धोबीखात्यात," त्या म्हणाल्या. मग ओट्यावर सांडलेला चहा पुसायला लागल्या. "त्या दिवशी तू फोन केलास तेव्हा रडत होतीस. आठवतं?"

"ताईचं ऑपरेशन होतं ना."

"हो." त्यांनी कपाचा कान माझ्याकडे वळवला. "कशी आहे गं ती?"

"आहे. पोटाचं रडगाणं चालूच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. असं माझ्याकडे कुणी कधी बघितलेलं नाही. मला वाटलं, म्हातारपणी माणसं अशी बघत असतील. निघताना मी विचारलं, "त्या दिवशी ओटी दोनमध्ये ऑपरेशनं किती होती हो?"

"एकच," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचाही आवाज आला.

चहा फार गोड झाला होता.

२० एप्रिल

आज लिहिण्यासारखं काही नाही. ६,२४२.

२१ एप्रिल

रजा. डोकं दुखतंय.

२३ एप्रिल

ठिपकेवाल्याला म्हटलं, त्या लाल ओळीची सगळी माहिती कागदावर काढून दे. त्याने दिली. हत्यार, ट्रे, तारीख, ओटी. खाली रुग्ण क्रमांक. नाव नाही, जुन्या वहीत आम्ही नाव लिहीत नसू.

ताई शेजारी गेली होती. कपाटाच्या वरच्या फळीवर तिची फाईल आहे. इस्पितळातून सोडतानाचं कार्ड पिवळं पडलंय, पण आकडे शाबूत आहेत.

तोच क्रमांक.

ताई परत आली तेव्हा मी खुर्चीवर फाईल घेऊन बसले होते. "काय शोधतेस?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, आवरतेय." तिने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. तो धातूचा होता. मी तो उचलू शकले नाही.

२४ एप्रिल

ताईला खोटं सांगून नेलं. म्हटलं, कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांची तपासणी आहे, नाही आलीस तर मला बोल लागेल. माझ्यासाठी म्हणून आली. दारातून आत शिरताना तिने माझा हात पकडला, लहानपणी रस्ता ओलांडताना मी तिचा पकडायचे तसा.

काचेच्या मागे मी एक्स-रेवाल्याजवळ उभी होते. पडद्यावर बरगड्या आल्या, कणा आला. आणि त्या राखाडीत एक पांढरी, स्वच्छ, वाकडी वस्तू. दोन गोल कड्या. तोंड मिटलेलं. मणक्याच्या डावीकडे निवांत पडल्यासारखी.

एक्स-रेवाला म्हणाला, "बाईंच्या खिशात कात्री राहिलीय का? काढायला सांगा."

मी म्हटलं, "खिसा नाहीये तिला."

तो माझ्याकडे बघायला लागला. पलीकडे ताई थंड फळीवर आडवी होती. मोठ्याने विचारत होती, "झालं का गं? उठू का?"

२५ एप्रिल

दुपारी सांगितलं. ती भाजी निवडत होती. आधी फोटो दाखवला, मग वही, मग तो चाराखालचा तीन. काय काय बोलले ते आठवत नाही. फार बोलले. ती निवडत राहिली. सगळी निवडून झाल्यावर चांगली आणि टाकाऊ एकत्र केली आणि पुन्हा निवडायला घेतली.

मग म्हणाली, "म्हणजे होतं."

"ताई..."

"सतरा वर्षं मी म्हणतेय, आत काहीतरी आहे. तू म्हणायचीस, आहे ते तुझ्या डोक्यात." आवाज चढला नव्हता. "आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. माझ्या कुशीत झोपायचीस. तुझं पोट दुखलं तर मी कधी विचारलं का, खरं दुखतंय की खोटं?"

मी फोटो आणि वही आवरून ठेवली.

संध्याकाळी तिने स्वतःहून विचारलं, "काढतील तेव्हा हत्यारं कोण मोजेल?"

"मी नाही. दुसरं कुणीतरी. मला तिथे उभंही राहू देणार नाहीत."

"मग मी टेबलावर चढणार नाही. तूच मोजायचं."

"ताई, माझ्यावर विश्वास..."

"विश्वासाचं नाही म्हणत मी," ती म्हणाली. "मोज म्हणते."

२८ एप्रिल

साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी दार लावून घेतलं, आधी माझ्यावर ओरडले, मग हळू आवाजात म्हणाले, जरा थांबू या का, तपासणी तोंडावर आलीय. मी म्हटलं, एक हत्यार बिनकोडाचं आहे, साहेब. तुम्हीच म्हणाला होतात. त्यांनी कपाळ पुसलं. चौकशी नेमलीय. ताईची अट त्यांना सांगितली तेव्हा म्हणाले, "हे नियमात बसत नाही." घरी हे सांगितलं तर ताई म्हणाली, "नियमातली मोजणी माझ्या पोटात आहे."

नव्या सर्जनबाईंनी मान्य केलं. माझ्याबरोबर आणखी दोघी मोजतील.

३ मे

सकाळी नऊ. ओटी दोन. अठरा वर्षांत मी पहिल्यांदा त्या दाराच्या आत गेले. हत्यारं मला तळघरातून माहीत होती, इथली नव्हती. इथे ती चमकतात.

वर गेली: ४४. तोंडाने मोजली. दोघींनी मोजली. वाचकयंत्र फिरवलं, हिरवं "पूर्ण" आलं.

दोन तास. सर्जनबाईंनी एकदा हात थांबवला आणि म्हणाल्या, "हा बघा." मी बघितलं नाही, ट्रेवरची नजर काढली नाही. ठण् असा आवाज झाला, हळू, भांड्यात चमचा ठेवावा तसा.

पोट बंद करायच्या आधी मोजणी. मी सुरुवात केली. त्रेचाळीसला आले आणि थांबून पुन्हा एकपासून सुरू केलं. सर्जनबाई थांबून राहिल्या, कुणी घाई केली नाही. मग चव्वेचाळीस. मग तो. काळपट, कड्यांवर राखाडी थर. थंडच असेल असं मला वाटत होतं. हातमोज्यातूनही तो गरम लागला. अंगासारखा गरम.

पंचेचाळीस.

वाचकयंत्र फिरवलं. चव्वेचाळीस हत्यारांवर टिक टिक वाजलं आणि त्याच्यावर गप्प राहिलं. पडद्यावर हिरवं "पूर्ण". तो चिमटा यंत्राला दिसतच नव्हता. मी वहीत लिहिलं, खाली आली: ४५. दोघींनी सही केली.

११ मे

ताई घरी आली. चालते, पण जपून, दुसऱ्याच्या घरात चालावं तशी. माझ्याशी कामापुरतं बोलते. पाणी दे. खिडकी उघड. काल बसल्या बसल्या हात पोटावर ठेवून म्हणाली, "जागा रिकामी वाटते." ते चांगलं की वाईट, मी विचारलं नाही.

मला कामावरून थांबवलंय. ठिपकेवाल्याचा फोन आला. सगळी हत्यारं झाली, तपासणी वेळेत होईल. जरा घुटमळून म्हणाला, "मॅडम, ती ओळ अजून आहे."

"चिमटा निघाला ना?"

"निघाला, पण चौकशीवाल्यांनी सीलबंद करून नेला. खाली आलाच नाही. त्यामुळे तो अजून मोजतोय. सहा हजार दोनशे त्रेसष्ट." मग म्हणाला, "मी तो पडदा भिंतीकडे फिरवून ठेवतो हल्ली."

१२ मे

चौकशीसाठी जबाब लिहून द्यायचाय. सकाळपासून चार कागद फाडले. दुपारी ताई पलंगावरून म्हणाली, "वाच बघू काय लिहिलंस."

मी वाचलं. "त्या दिवशी संध्याकाळी घाईत माझ्याकडून नजरचुकीने त्रेचाळीसच्या जागी चव्वेचाळीस असे लिहिले गेले."

"लिहिले गेले म्हणजे?"

"म्हणजे... जबाबात असंच लिहितात, ताई."

"आपोआप लिहिलं गेलं का? हात कुणाचा होता?"

"माझा."

"नजर चुकली होती?"

तीनदा मोजलं होतं. नजर चुकली नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

"मग लिही तसं."

मी नवा कागद घेतला. लिहिलं: मी तीन वेळा मोजले. त्रेचाळीस होते. मी चव्वेचाळीस लिहिले.

"वाच," ताई म्हणाली.

वाचलं.

तिने डोळे मिटले. झोपली असं वाटून मी कागद घडी करायला लागले, तेव्हा म्हणाली, "परत वाच. सावकाश."